तळलेली भेंडी कुरकुरीत राहत नाही, नेमकं कुठे चुकतं?

निगुती

तळलेली भेंडी मऊ पडली की दोष पिठाला दिला जातो. बेसन कमी पडलं, कॉर्नफ्लोअर हवं होतं, रवा घालायला हवा होता. माझ्या मते पीठ हा दुसऱ्या नंबरचा मुद्दा आहे. ताज्या भेंडीच्या वजनात सुमारे ९० टक्के पाणी असतं. ते तळणीत बाहेर काढायचं आणि बाहेरून नवं पाणी येऊ द्यायचं नाही, सगळी कृती याभोवती फिरते. म्हणून खाली पाण्याचा हिशोब आधी आणि पीठ नंतर लिहिलं आहे.

प्रमाण २५० ग्रॅम भेंडीचं. टेबलस्पून १५ मिलीचा, टीस्पून ५ मिलीचा, दोन्ही सपाट भरून.

भेंडी कोवळी घ्या, बोटाएवढी, ७ ते १० सेंटिमीटर लांब. शेंडा मोडून पाहावा. कट्कन तुटला तर कोवळी, नुसता वाकला तर निबर. निबर भेंडीचे धागे तळल्यावरही चोथट लागतात, त्याला कुठलंच पीठ उपाय नाही.

धुवायची ती अख्खी, देठासकट. चिरल्यावर धुतली तर आतला चिकटा पाण्यात फुगतो आणि मग कितीही पुसा, बुळबुळीतपणा जात नाही. धुऊन १० मिनिटं चाळणीत निथळू द्या, सुती कापडाने एकेक पुसा आणि पंख्याखाली अर्धा ते एक तास पसरून ठेवा. देठाच्या टोपीखाली पाणी अडकून राहतं, तिथे बोट फिरवून बघाच. तेवढंच पाणी सुरीला लागून सगळ्या कापांवर पसरतं. सुरी आणि पाटही कोरडे हवेत.

देठ आणि शेंडा काढून उभे चार काप करा, जाड भेंडीचे सहा. काप सारख्या जाडीचे हवेत, नाहीतर बारीक करपतात तोवर जाड मऊच असतात. चिरलेले काप परातीत एकेरी थरात, कापलेली बाजू वर करून २० मिनिटं ठेवा. या २० मिनिटांत वरवरची ओल बरीच सुकते. ही पायरी गाळू नका.

बेसन ३ टेबलस्पून, तांदळाची पिठी दीड टेबलस्पून, धणेपूड १ टीस्पून, हळद पाव टीस्पून, हातावर चुरडलेला ओवा पाव टीस्पून. सगळं कोरडंच एकत्र करून चाळून घ्या. तेल तापत आलं की मगच भेंडीला १ टीस्पून तेल आणि अर्धा टीस्पून मीठ चोळा. दोन मिनिटांत काप किंचित ओलसर दिसू लागतात. आता पीठ भुरभुरवून बोटांनी वरखाली करा, दाबू नका. पाण्याचा थेंबही नको, भेंडीचा चिकटाच पीठ धरून ठेवतो. मग मोठ्या भोकांच्या चाळणीत घालून सुटं पीठ झटकून टाका.

२० ते २२ सेंटिमीटरच्या जाड बुडाच्या कढईत अर्धा लिटर तेल, १७५ अंश सेल्सिअस. एका घाण्याला ८० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीन घाणे. पहिली ३० सेकंद झारा लावू नका, पीठ सुटून येतं. नंतर काप सुटे करून मध्यम आचेवर ४ ते ५ मिनिटं तळा.

किती तळायचं हे रंगावरून नाही, बुडबुड्यांवरून ठरवा. बुडबुडे म्हणजे भेंडीतलं पाणी, वाफ होऊन बाहेर पडणारं. सुरुवातीला तेल नुसतं उसळत असतं, मग बुडबुडे बारीक आणि तुरळक होतात, चर्र आवाज मंदावतो आणि काप झाऱ्यावर खुळखुळतात. रंग छान आला पण तेल अजून उसळतंय, तर आत पाणी आहे. ती भेंडी पाच मिनिटांत मऊ पडणार.

जाळीवर काढा. गरम असतानाच अर्धा टीस्पून आमचूर आणि अर्धा ते एक टीस्पून लाल तिखट वरून टाकून हलवा. चाट मसाला घालणार असाल तर त्यात मीठ असतं, आधीचं मीठ तेवढं कमी करा.

चिमूटभर

मिठावर मतभेद. मीठ लागलं की भेंडीला पाणी सुटायला सुरुवात होते. दोन मिनिटं ठीक, पण तीन घाणे आहेत. तिसरा घाणा कढईत जाईपर्यंत १५ मिनिटं उलटलेली असतात आणि तोवर परातीतल्या पिठाचा लगदा झालेला असतो. मीठ शेवटी, तिखट-आमचुराबरोबरच टाकावं.

निगुती

चिमूटभर, तिसऱ्या घाण्याचं तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर. मी लिहायला हवं होतं: मीठ आणि पीठ घाण्यापुरतंच लावायचं, सगळ्या भेंडीला एकदम नाही. पहिला घाणा तेलात गेला की दुसऱ्याचे काप घ्यायचे.

वरून मीठ टाकण्याची अडचण अशी की कुरकुरीत कोरड्या कापावर जाडं मीठ टिकत नाही, सगळं ताटाच्या तळाशी जातं. वरूनच टाकायचं असेल तर मीठ खलबत्त्यात पिठीसारखं बारीक करून, काप जाळीवर आल्या आल्या, पृष्ठभागावर तेल चमकत असताना टाका.

खलबत्ता

पिठांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण "कुठलंही चालतं" हे मला पटत नाही.

बेसनात प्रथिनं बरीच असतात. त्यामुळे रंग लवकर येतो, खमंग चव येते, पण नुसत्या बेसनाचं कवच जाड आणि ठिसूळ होतं आणि हवेतला ओलावाही पटकन ओढतं. तांदळाच्या पिठीत मुख्यतः स्टार्च, प्रथिनं कमी. कवच पातळ, कडक होतं, तेल कमी पितं आणि कुरकुरीतपणा जास्त वेळ टिकतो. पण रंग फिका येतो आणि एकटीची चव सपक लागते. कॉर्नफ्लोअर म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. सुरुवातीला सगळ्यात हलकं आणि खुसखुशीत तेच लागतं. मात्र जरा जास्त झालं तर पांढुरके डाग दिसतात आणि दाताला पिठूळ लागतं. बारीक रव्याने कवच खरखरीत होतं, चावताना आवाज छान येतो, पण रवा सुटून तेलात पडतो आणि करपतो. मैदा या कामाला नकोच, त्यातल्या ग्लूटेनमुळे ओल मिळाली की कवच चिवट होतं.

म्हणून २:१ हे बेसन आणि पिठीचं प्रमाण लगेच खायच्या भेंडीला उत्तम. अर्ध्या-पाऊण तासाने वाढायची असेल तर उलटं करा: पिठी २ टेबलस्पून, कॉर्नफ्लोअर १, बेसन १. खमंगपणा थोडा कमी होतो, भेंडी सादळत मात्र उशिरा.

खायचा सोडा कुणी सुचवला तर घालू नका. कवच सच्छिद्र होतं आणि स्पंजासारखं तेल शोषतं.

रानकेवडा

बिया काढायच्या की ठेवायच्या?

खलबत्ता

कोवळ्या भेंडीत ठेवा. बी इवलीशी असते, तळून तीच कुरकुरीत लागते. बी ज्वारीच्या दाण्याएवढी टपोरी झाली असेल तर काढा. टपोऱ्या बीत पाणी जास्त असतं, तेलात ती फुटते, तेल उडतं आणि सुटलेल्या बिया तळाशी जाऊन काळ्या होतात. उभ्या कापावरून चमच्याच्या कडेने एकदा ओढलं की बिया आणि मधला चिकट भाग दोन्ही निघतात. फक्त सालीच्या फाका उरतात, त्या सगळ्यात कडक तळल्या जातात, साडेतीन मिनिटंसुद्धा पुरतात.

अख्खी भेंडी मात्र कधीही तशीच तेलात सोडू नये. आत पोकळ कप्पे असतात, वाफ कोंडते आणि भेंडी फुटून तेल अंगावर येतं. अख्खी ठेवायची असेल तर लांबीभर एक आरपार चीर द्यायचीच.

मंदआच

एका तळणीत कोरडेपणा आणि रंग दोन्ही साधणं अवघड जातं, विशेषतः भेंडी जरा जाड असेल तर. दोनदा तळा.

पहिल्यांदा १६० अंशाला ४ मिनिटं. या वेळी रंगाची अपेक्षा नाही, पाणी काढणं एवढंच काम. बाहेर काढून जाळीवर १० मिनिटं ठेवा. या वेळात कापाच्या आतलं उरलेलं पाणी कडेपर्यंत येतं, म्हणून काप हाताला पुन्हा मऊ लागतील. घाबरू नका. दुसऱ्यांदा १८५ ते १९० अंशाला ४५ सेकंद ते १ मिनिट. वर आलेलं पाणी झटक्यात उडतं आणि रंगही येतो. दुसऱ्या वेळी दोन घाणे एकत्र टाकले तरी चालतात, कारण भेंडीत तेल थंड करण्याइतकं पाणीच उरलेलं नसतं.

सोयीची गोष्ट म्हणजे पहिली तळणी दोन तास आधी उरकून ठेवता येते. झाकून ठेवू नका मात्र, वाफ धरते.

पाटावरवंटा

थर्मामीटर नसेल तर १६० आणि १९० ओळखायचे कसे?

मंदआच

बेसनात दोन थेंब पाणी घालून वाटाण्याएवढी गोळी करा आणि चिमटीने थोडं थोडं तेलात टाकत जा. तुकडा तळाशी जाऊन तीन-चार सेकंदांनी सावकाश वर आला तर तेल दीडशे-एकशेसाठच्या आसपास. अर्ध्यावरून लगेच वर आला, भोवती भरपूर बुडबुडे आहेत पण रंग बदलला नाही, तर १७५. बुडालाच नाही आणि काही सेकंदांत तांबूस झाला तर १९० किंवा त्याहून जास्त. धूर दिसला तर गॅस बंद करून तेल निवू द्या.

आच नेमकी एकच ठेवू नका. ओली गार भाजी पडली की तेल २०-३० अंशांनी सहज उतरतं. घाणा टाकताना आच मोठी, दीड मिनिटाने मध्यम. घाणा काढल्यावर पुढचा टाकायच्या आत अर्धा मिनिट थांबा, तेलाला पुन्हा वर येऊ द्या. दुसरा आणि तिसरा घाणा तेलकट होतो तो इथेच.

ओलीहळद

तळून काढताना अगदी कडक असते, वाढेपर्यंत मऊ. बुडबुडे संपेपर्यंत तळलेली आहे, भेंडी कोरडी होती. काय राहिलं असेल?

निगुती

काढून कशात ठेवता? शंभरातल्या ९९ वेळा घोटाळा तिथे असतो. कागदावर ढीग केला की खालच्या कापांची वाफ वरच्यांना लागते, कागद ओला होतो आणि तीच ओल परत वर येते. डब्यात घालून झाकण लावलं तर मग विचारायलाच नको.

झाऱ्यात घेतल्यावर कढईवरच १०-१५ सेकंद जोरात हलवून निथळा. तळलेला पदार्थ तेल सगळ्यात जास्त पितो तो बाहेर काढल्यानंतर: आतली वाफ निवते, पोकळी होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून पहिल्या काही सेकंदांतलं निथळणं महत्त्वाचं. नंतर जाळीवर एकेरी थर, खालून हवा लागली पाहिजे. जाळी नसेल तर पुरणाची चाळण एखाद्या पातेल्यावर ठेवा.

दुसरं कारण, वरून लिंबू पिळणं किंवा कच्चा कांदा-कोथिंबीर मिसळणं. आंबटपणा हवा तर आमचूर कोरडं असतं, तेच वापरा. लिंबाची फोड ताटात बाजूला द्या, ज्याने त्याने खाताना पिळावी.

चिमूटभर

हवा दमट असेल तर जाळीवरसुद्धा २० मिनिटांत मऊ पडते. तेव्हा ओव्हन १०० अंशाला ठेवून दार बोटभर उघडं ठेवायचं आणि जाळीसकट भेंडी आत. अर्धा तास छान राहते.

शेंगदाणे

लाल तिखट पिठातच घातलं तर मसाला चांगला मुरतो ना? शेवटी का?

खलबत्ता

तिखट १७५ अंशाला पाच मिनिटं टिकत नाही. काळपट होतं, कडवट वास येतो आणि सुटून पडलेलं तेल खराब करतं. हळद, धणेपूड, ओवा पिठात चालतात. तिखट, आमचूर, गरम मसाला, चाट मसाला वरून. पिठात रंग हवाच असेल तर फार तर पाव टीस्पून कमी तिखट, गडद रंगाची मिरचीपूड घाला. लसूण-आलं वाटण पिठात बिलकुल नको, ते ओलं असतं आणि करपतंही. साखर तर चिमूटभरही नको.

पाटावरवंटा

तेलात काळे कण होतात त्याबद्दल: झटकून न घेतलेलं पीठ. प्रत्येक घाण्यानंतर बारीक जाळीच्या झाऱ्याने कण काढा, नाहीतर दुसऱ्या घाण्याला ते चिकटतात आणि कडू लागतात. तळण झाल्यावर तेल कोमट असताना गाळून ठेवा आणि फोडणीला किंवा परतायला लवकर संपवा. पुढच्या वेळी तापवताना फेस धरू लागला, दाट वाटलं किंवा आधीपेक्षा लवकर धुरकटलं, तर टाकून द्या, त्यात नवं तेल मिसळू नका.

तेल कोणतं? रिफाइंड शेंगदाणा, सूर्यफूल, राइस ब्रान तिन्ही या तापमानाला टिकतात. लाकडी घाण्याच्या, न गाळलेल्या तेलाचा धूर बराच आधी निघतो आणि फेसही येतो. त्याची चव कितीही आवडली तरी ते इथे नको.

रानकेवडा

एअर फ्रायरमध्ये होते का? एक चमचा तेलात तळलेल्यासारखीच होते असं वाचायला मिळतं.

पाटावरवंटा

तळलेल्यासारखीच होत नाही, पण चांगली होते. फरक हा की सुटं कोरडं पीठ तेलात आपोआप भिजतं, गरम हवेत ते पांढरं आणि कच्चं राहतं. म्हणून क्रम बदला. २५० ग्रॅम कापांना आधी १ टेबलस्पून तेल चोळा, मग पीठ निम्मं, म्हणजे दीड टेबलस्पून बेसन आणि पाऊण टेबलस्पून पिठी. कापांवर कोरडं पांढरं काही दिसत असेल तर अजून अर्धा टीस्पून तेल. पीठ वाऱ्याने उडू नये म्हणून पाच मिनिटं तसंच ठेवा.

यंत्र १८० अंशाला ३ मिनिटं आधी तापवा. टोपलीत एकेरी थर, फार तर किंचित एकमेकांवर. १२ ते १५ मिनिटं, दर ४ मिनिटांनी टोपली हलवायची. शेवटची २ मिनिटं २०० अंश. टोपली गच्च भरली तर भेंडी वाफवली जाते, तळल्यासारखी होत नाही. २५० ग्रॅमला दोन फेऱ्या लागतातच.

ओव्हनमध्ये २०० अंश, पंखा चालू, पसरट ट्रेवर २० ते २५ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. ट्रे आधीच ओव्हनबरोबर तापवलेला असावा.

ओलीहळद

आणि फ्रीझरमधली कापलेली भेंडी?

निगुती

नाही होत. गोठताना बर्फाच्या कणांनी पेशी फुटलेल्या असतात, वितळल्यावर पाणी आणि चिकटा दोन्ही बाहेर. गोठलेली तशीच टाकली तर तेल जोरात उडेल, ते धोक्याचं. ती भेंडी आमटी-सारासाठी वापरा.

शेंगदाणे

पीठ न लावता, गोल चकत्या तळून दह्यात घालायच्या असतील तर वेगळं काही?

मंदआच

हो, तिथे सगळा भार तळण्यावर. चकत्या ४ मिलिमीटरच्या, त्याहून पातळ केल्या तर मधला भाग गळून नुसत्या कडा राहतात. चिरून तासभर सुकवा. तेल १६५ अंश, घाण्याला १०० ग्रॅम, ७ ते ८ मिनिटं, मध्यम आचेवर शेवटपर्यंत. पीठ नसल्याने रंग उशिरा येतो. हिरवा जाऊन कडा तपकिरी झाल्या आणि बुडबुडे जवळजवळ थांबले की काढा. वजन निम्म्याहूनही कमी भरतं, त्या हिशोबाने भेंडी घ्या. मीठ दह्यात घाला, भेंडीला नाही, आणि भेंडी दह्यात वाढतानाच सोडा. दही पातळ असेल तर कापडात टांगून थोडं पाणी काढून घ्या.

या चकत्या पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात दुसऱ्या दिवसापर्यंत राहतात. पीठ लावलेली भेंडी तशी राहत नाही, ती त्याच दिवशी संपवावी. मऊ पडलीच तर १८० अंशाच्या ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये ४ मिनिटं. मायक्रोवेव्ह नको, त्यात आतली ओल बाहेर येऊन कवच चामड्यासारखं होतं.

रानकेवडा

१ किलोची करायची आहे, १० जणांसाठी. घाणे किती आणि किती वाजता सुरू करायचं?

मंदआच

दोनदा तळण्याची पद्धतच घ्या. १ किलोला बेसन १२ टेबलस्पून आणि पिठी ६ असं चौपट करू नका. मोठ्या प्रमाणात पीठ वाया कमी जातं, १० आणि ५ पुरतं. मोठी कढई, दीड लिटर तेल, घाण्याला २०० ग्रॅम, म्हणजे पहिल्या तळणीचे पाच घाणे. तेल वर यायला लागणारा वेळ धरून एका घाण्याला ६ ते ७ मिनिटं, एकूण ३५ मिनिटं.

जेवण ८ वाजता असेल तर भेंडी ४ वाजता धुऊन पसरा, ५ ला चिरायला घ्या, ६ ला पहिली तळणी. साडेसहा-पावणेसातपर्यंत ती संपते. मग ७:५० ला तेल १८५ वर आणा. तीन घाणे, प्रत्येकी १ मिनिट, जाळीवर काढून तिखट-आमचूर-मीठ टाकून थेट ताटात. एक माणूस तळायला आणि एक मसाला टाकायला ठेवा, कारण मसाला काप गरम असेपर्यंतच चिकटतो.

चिमूटभर

इतकं तेल असताना एक काळजी घ्या. कढई तेलाने अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, कारण पहिल्या मिनिटाला तेल उसळून वर येतं. कढईच्या मापाचं धातूचं झाकण हाताशी असू द्या. तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण सरकवायचं, पाणी ओतायचं नाही आणि कढई उचलायचीही नाही.

रानकेवडा

समजलं. जाळी मोठी नाहीये, दोन चाळणी पातेल्यांवर मांडते. मीठ खलबत्त्यात बारीक करून ठेवते.

निगुती

दोन चाळणी पुरतील, फक्त एकेरी थरासाठी पहिल्या तळणीनंतर जागा जास्त लागते. तेवढ्यापुरती ओव्हनची जाळी बाहेर काढून वापरा, खाली ताट ठेवा.